पहिला बुधवार

रहिमतपूर,
रविवार, दि. १६ फेब्रुवारी २०२५

चि. प्रियदर्शनी हिस,
आबांचा आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर तू ओळखशील की नाही, शंका आहे. हल्ली हात कापतो. इकडे सगळं ठीक. पहाटेची थंडी अजून आहे. ऊस उभाच आहे, पण तोडणीची टोळी शेजारच्या रानात आलीय, चार-सहा दिवसांत आपला नंबर लागेल. विहिरीला पाणी बरं आहे. भाऊसोकाकाचा धाकटा फौजेत लागला, बेळगावला ट्रेनिंगला गेला. म्हैस व्याली, रेडी झाली.

सहा वर्षांनी लिहितोय आणि म्हशीचं सांगतोय. फौजेत असताना तुझ्या आईला मी अशीच पत्रं लिहायचो. मी खुशाल आहे, इकडची काळजी नसावी. बर्फात पायाची दोन बोटं काळी पडली तेव्हाही हेच लिहिलं होतं. रजेवर आलो की ती म्हणायची, "तुमच्या पत्रातनं तिकडची हवा कळती, माणूस न्हाई कळत."

आता माणसाचं लिहितो.

पाच तारखेला, बुधवारी, मी तुमच्या हॉटेलात येऊन गेलो. मामींच्या, म्हणजे तुझ्या आईच्या, भावकीतले कुणी भाऊसो आले होते, असं बिरदेवनं तुला सांगितलं असेल. तो भाऊसो मीच, काकाचं नाव उसनं घेतलं.

पत्ता कसा मिळाला ते सांगतो. तुझी आई दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी मिरजेला डोळे दाखवायला जायची. तीन वर्षं. मीच तिला मोटारसायकलवर स्टेशनला सोडायचो आणि संध्याकाळी आणायला जायचो. गाडीतून उतरायची तेव्हा तिचे डोळे लाल असायचे. मी म्हणायचो, "औषध लय जळजळतंय वाटतं." ती म्हणायची, "व्हय, लय जळजळतंय." रात्री मी तिला दिवा डोळ्यावर येऊ नये म्हणून बंद करून द्यायचो.

गेल्या महिन्यात तिची कपाटातली पिशवी उघडायची वेळ आली. डोळ्यांच्या फायलीत एकच कागद होता, तीन वर्षांपूर्वीचा. मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं, पुन्हा यायची गरज नाही. त्याच्यामागं चौघडी घातलेला एक जाड कागद होता, तुमच्याकडच्या पदार्थांच्या यादीचा. वर सगळी फ्रेंच नावं, आणि प्रत्येकाशेजारी तुझ्या अक्षरात मराठीत लिहिलेलं. क्रोसाँ, म्हणजे चंद्रकोरीचा पाव. किश, म्हणजे अंड्याचा जाड पोळा, खाली कुरकुरीत पापुद्रा. खाली सांगलीच्या विश्रामबागचा पत्ता.

मी तो कागद घेऊन कपाटापुढं बराच वेळ उभा होतो. राग आला, खोटं का सांगू. राग येऊन कुणावर काढायचा, ते कळेना.

मग पाच तारखेला निघालो. गाडीनं आलो नाही. त्या गाडीत तिच्या ओळखीच्या बायका असतात, त्यांनी विचारलं असतं. एसटीनं कराडला आलो आणि तिथून सांगलीला.

मला वाटलं होतं तसं तुमचं हॉटेल नाही. मी सहा वर्षं लोकांना सांगत आलो की पोरगी पाव विकायला गेली. निळं दार, बाहेर दोन लोखंडी टेबलं, फळ्यावर खडूनं लिहिलेलं. आत लोण्याचा वास. कॉलेजची चार पोरं कॉफी पीत होती. कोपऱ्यात एक म्हातारं जोडपं एका बशीत दोघं ऑम्लेट खात होतं, गडबड नाही, बोलणं नाही. मला तिथून हलावंसं वाटेना आणि बसावंसंही वाटेना. शेवटी खिडकीपाशी बसलो. तिथं 'राखीव' लिहिलेली लाकडी पट्टी होती, ती मी बघितली नव्हती. बिरदेव आला. त्यानं पट्टी उचलून एप्रनच्या खिशात घातली आणि म्हणाला, "बसा, बसा."

तुला आठवत असेल, तू त्याला घेऊन घरी आलीस तेव्हा मी त्याला बस म्हटलं नव्हतं. मेंढरं राखणाऱ्याचं पोरगं, असं त्याच्या तोंडावर म्हणालो होतो. तो उभ्यानं पाणी प्यायला आणि तांब्या हळूच खाली ठेवून गेला. परवा त्यानं मला ओळखलं नाही असं मी धरून चाललो. मी वाळलोय, आणि चेहराही बदललाय.

"काय घेणार?" म्हणाला.

"काय बी आण."

त्यानं मातीच्या वाडग्यात कांद्याचं सूप आणलं. वर पावाचा तुकडा आणि त्यावर भाजून तांबूस झालेलं चीज. मी चमचा घातला, तर तार सुटली. मला खाता येईना, तर त्यानं गुपचूप एक सुरी आणून ठेवली. म्हणाला, "चीज आमच्याच शेळ्यांच्या दुधाचं हाय. पाँडिचेरीला बेकरीत होतो तवा एका बाईंनी शिकवलं. आता आटपाडीला आई करती. आधी म्हणायची, चांगलं दूध नासवतोय. आता माझ्यापेक्षा बरं करती."

मी म्हटलं, "कांदे गोड हायत."

"रहिमतपूरचे हायत," म्हणाला. "मामी आणतात. माझ्या बायकोची आई."

प्रियदर्शनी, ते आपल्या रानातले कांदे होते. उसाच्या कडेच्या वाफ्यातले. पोत्यातले कांदे कमी होतात म्हणून मी अर्जुनावर संशय घेतला होता. आपल्याकडे वीस वर्षं राबलेला माणूस. त्याला सगळ्यांसमोर बोललो होतो. सांगलीहून आल्यावर त्याच्या घरी गेलो. तो म्हणाला, "आबा, वैनीच पिशवी भरून घ्यायच्या. मला म्हणाल्या, बोलू नगंस. मी न्हाई बोललो."

बिरदेव माझ्यासमोर बसला. गिऱ्हाईक कमी होतं. त्यानं विचारलं, "तुमी रहिमतपूरचे का?" मी त्याच्या मामींच्या भावकीतला, भाऊसो, असं सांगितलं. तो म्हणाला, "प्रियदर्शनी स्टेशनावर गेलीय. पोरीलाबी घेऊन गेलीय. गेल्या महिन्यात मामी आल्या न्हाईत. आज येतील म्हणून बघायला गेलीय. गाडी दीड तास लेट हाय." मग माझ्याकडे बघत म्हणाला, "बऱ्या हायत नव्हं मामी?"

मी म्हटलं, "बऱ्या हायत. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरनं प्रवास नको म्हटलंय."

वाडग्यात बघून बोललो. मी सांगायलाच आलो होतो. एसटीत कराडपासून वाक्य जुळवत आलो होतो, आणि तोंडातून हे निघालं.

तुझी आई नाही, पोरी.

२१ डिसेंबरला, शनिवारी गेली. सकाळी चूल पेटवताना छातीत कळ आली म्हणाली. घाम फुटला. भाऊसोनं गाडी काढली, सातारला न्यायचं ठरलं. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मला म्हणाली, "बुधवार कवा हाय वो?" मी म्हटलं, "डोळ्याचं नंतर बघू, आता गप पड." कोरेगावच्या पुढं गेलो आणि तिचा हात सैल झाला. त्यानंतर ती बोलली नाही.

ती तुझं विचारत होती. मला ते महिन्यानं कळलं, कपाटापुढं उभा असताना.

भाऊसोनं मला त्याच दिवशी विचारलं होतं, "दादा, पोरीला कळवायचं का? नंबर शोधतो." मी न्हाई म्हटलं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा ओरडलो. मोबाइलवर कुणी फोटो टाकायचा नाही, स्टेटस ठेवायचं नाही, असं भावकीत बजावून सांगितलं. अग्नी मी दिला. दहाव्याला माहुलीला अस्थी सोडल्या. लोक कुजबुजले, मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

का, असं तू विचारशील. मी रोज विचारतो. तू आली असतीस, दारात रडली असतीस, आणि मी सहा वर्षं धरून ठेवलेलं माझ्या हातून सुटलं असतं, याची भीती वाटली. दुसरं कारण सापडत नाही. आईचं तोंड बघायचा तुझा हक्क मी या एवढ्यासाठी खाल्ला.

त्या दिवशी मी उठलो तेव्हा बिरदेवनं क्रोसाँचा एक खोका आणून दिला. "मामींना द्या. त्यांना आवडतात." तो मी घेतला. घ्यायला नको होता. बाहेर येऊन समोरच्या रसवंतीच्या कापडाआड उभा राहिलो, कारण तुझी स्कूटर वळताना दिसली. तू वाळलीयस. पुढं उभी असलेली पोरगी उतरली आणि आत पळत गेली. "बाबा, आज्जी इकडनं आली का?" असं तिनं विचारलेलं मला रस्त्यापलीकडं ऐकू आलं. तू स्कूटर लावून तिथंच थांबलीस आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलंस. माझ्यावरून तुझी नजर गेली. मी हललो नाही. अठ्ठावीस वर्षं नोकरी केली, कधी पाठ दाखवली नव्हती. त्या दिवशी दाखवली.

पोरीचं नावसुद्धा मला माहीत नाही. विचारायची लाज वाटली.

खोका तीन दिवस तसाच ठेवला. चौथ्या दिवशी मुंग्या लागल्या. टाकवेना. मुंग्या झटकल्या आणि सगळं एकट्यानं खाल्लं. शिळं झालं होतं, तरी चांगलं होतं.

हे तुझ्यापुढं बसून सांगायला हवं होतं. ते जमलं नाही म्हणून कागदावर. तू काय म्हणशील ते म्हण. काहीच म्हटलं नाहीस, तरी तुझं चुकलं असं मी कुणाजवळ म्हणणार नाही.

बिरदेवला सांग, मी त्याला बस म्हटलं नव्हतं हे मला त्याच्यासमोर बसून जेवताना कळलं.

आबा

---

विश्रामबाग, सांगली,
सोमवार, दि. २४ फेब्रुवारी २०२५

आबा,

वर तीर्थरूप लिहून खोडलं होतं. मग कागदच बदलला.

तुमचं पत्र गुरुवारी दुपारी आलं. मी भट्टीपुढे उभ्यानेच वाचलं. पाव करपल्याचा वास आला तेव्हा बिरदेवने येऊन भट्टी बंद केली आणि माझ्या हातातलं पत्र न वाचताच म्हणाला, "मला माहीत हाय." त्या वाक्याचा राग मला तुमच्या पत्रापेक्षा जास्त आला. अजून गेलेला नाही.

त्याने तुम्हाला दारातच ओळखलं होतं. तुमच्या मिशा जाऊन नुकत्या फुटल्या होत्या, डोक्यावरचे केस बोटभर होते. घरात कुणाला अग्नी दिल्यावरच माणूस असा दिसतो, हे त्याला कळणार नाही का? तुम्ही बसलात तेव्हाच आई गेल्याचं त्याला कळलं होतं. तरीही त्याने तुम्हाला विचारलं, बऱ्या आहेत ना. तुम्ही सांगाल म्हणून विचारलं. तुम्ही ऑपरेशन म्हणालात. संध्याकाळी त्याने मला तेच सांगितलं, शब्दसुद्धा बदलला नाही. म्हणाला, ज्याचं सांगणं आहे त्याने सांगावं. खोका त्याने आईसाठी बांधला नव्हता. तुम्ही घरी एकटे असाल, दोन दिवस काही तरी पोटात जाईल, म्हणून बांधला होता.

आणि मी पंधरा दिवस आनंदात होते. आई येत नाही याचं कारण कळलं होतं ना. मी तिच्यासाठी काळा चष्मा आणून ठेवला होता. बिरदेव तेव्हा माझ्याकडे बघत नव्हता. मला वाटायचं, दमलाय.

तुम्ही बरंच लिहिलंत. मला जे माहीत आहे तेही तुम्हाला कळायला हवं. आई पहिल्यांदा आली तेव्हा डोक्यावरचा पदर घट्ट धरून दारात उभी होती. गावातल्या एका मुलीकडून तिने पत्ता मिळवला होता. बिरदेवला म्हणाली, "हितं भाकरी मिळती का?" तो आत गेला, भाकरी केली, आणि त्याच कांद्याच्या सुपाबरोबर तिला वाढली. ती रडली नाही. खाऊन झाल्यावर म्हणाली, "मीठ कमी हाय." त्यानंतर मीठ तीच घालायची, आणि पहिल्या बुधवारी खिडकीपाशी 'राखीव'ची पट्टी तिच्यासाठी असायची. तिने तुमच्याबद्दल कधी वाईट शब्द काढला नाही, मला तो ऐकायचा होता तेव्हासुद्धा. दर वेळी ती अर्धा क्रोसाँ हातरुमालात बांधून ठेवायची. "ह्यांना मऊ लागतं," म्हणायची. निघताना आठवायचं की हे घरी नेता यायचं नाही. मग स्टेशनवर बाकावर बसून तो अर्धा तीच खायची. मी शेजारी बसायचे. तिच्या डोळ्यांना जळजळ व्हायची ती तिथे.

माहुलीला अस्थी सोडल्या असं लिहिलंत. माहुलीचं पाणी सांगलीला येतं, आबा. पत्र आलं त्या संध्याकाळी मी घाटावर जाऊन बसले. डिसेंबरच्या शेवटी किंवा जानेवारीत ती इथून गेली असेल. त्या दिवशी मी काय करत होते ते आठवायचा प्रयत्न केला. आठवलं नाही. साधाच दिवस असणार.

भाऊसोकाकांनी विचारल्यावर तुम्ही नाही म्हणालात, हे मी विसरेन असं वाटत नाही. तुम्हीही तशी अपेक्षा ठेवू नका. माफ केलं असं लिहिलं तर ते तुमच्या खुशालीच्या पत्रासारखं होईल.

बिरदेवने तुमचा निरोप वाचला. रात्री भांडी पुसताना म्हणाला, "मी काय त्या तांब्याचं मनात धरून बसलो न्हवतो." मग म्हणाला, "धरून बसलो व्हतो, पण एवढं न्हाई."

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

तुमच्या नातीचं नाव सृष्टी. चार वर्षांची आहे. तिला मी अजून सांगितलेलं नाही. गुरुवारपासून रोज ठरवते. समोर बसवते, ती माझ्याकडे बघते, आणि मी म्हणते, आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, डॉक्टर प्रवास नको म्हणालेत. काल हे चौथ्यांदा म्हटलं. म्हणताना मी भांड्यात बघत होते.

तेव्हा तुम्हाला त्या खिडकीपाशी काय झालं ते मला कळलं. कळायला नको होतं, पण कळलं.

तुम्ही या. ऊस तुटून गेला की या. कुणी भाऊसो म्हणून नको. आलात की सृष्टीपुढे बसा आणि तिला सांगा, तुम्ही कोण ते, आणि तिची आजी कुठे गेली ते. मला जमत नाही आणि बिरदेव म्हणतो त्याचं ते सांगणं नाही. तुमचं आहे. ती काहीबाही विचारेल, तिला खरीच उत्तरं द्या. मी शेजारी बसेन. त्यापुढचं मी आज कबूल करू शकत नाही.

बनुबाईंची मुलगी,
प्रियदर्शनी